खिडकी, नोटशीट आणि प्रशिक्षण: इंदूरच्या विद्यापीठात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

देवी अहिल्या विश्वविद्यालयात किंवा इंदूरच्या एखाद्या महाविद्यालयात नोकरी लागली की पहिल्या वर्षात दोन पत्रं हमखास हातात पडतात. एकात लिहिलेलं असतं, अमुक प्रशिक्षणाला हजर राहा. दुसऱ्यात, अमुक प्रशिक्षण आयोजित करा, समन्वयक तुम्ही. दुसरं पत्र नव्या माणसाच्याच वाट्याला येतं, आणि विषय बहुतेकदा 'विविधता आणि संवेदनशीलता' असा असतो. या दोन्ही पत्रांना सामोरं कसं जायचं, ते इथे सांगत आहोत.

आधी शिक्षकांचं, कारण त्यांची वाट आखलेली आहे. विद्यापीठाचं स्वतःचं मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र आहे. जुनी मंडळी त्याला अजून एचआरडीसी किंवा स्टाफ कॉलेज म्हणतात, गोंधळू नका. केंद्र सरकारचं मालवीय मिशन 2023 च्या शिक्षकदिनी सुरू झालं. त्याच्या आठ विषयांपैकी एक 'विद्यार्थ्यांमधली विविधता आणि समावेशक शिक्षण' हा आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरणावरचा अभिमुखता कार्यक्रम ऑनलाइन आणि 36 तासांचा असतो, नव्या शिक्षकांसाठीचा फॅकल्टी इंडक्शन सुमारे महिनाभराचा. नोंदणी पोर्टलवरून होते, पण प्राचार्यांचं किंवा विभागप्रमुखांचं अनापत्ति (ना हरकत) पत्र आधी हातात असू द्या.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांनुसार शिक्षकाला बढतीत वेतनाच्या लेव्हल 10 वरून 11 ला जायला पीएचडी असेल तर 4, एमफिल असेल तर 5 आणि दोन्ही नसेल तर 6 वर्षं सेवा लागते. सोबत 21 दिवसांचा अभिमुखता कार्यक्रम आणि किमान 5 दिवसांचा आणखी एक कार्यक्रम. 11 वरून 12 साठी किमान 10 दिवसांचे कार्यक्रम धरतात. फाइल अडकते ती बारीक गोष्टींवर. प्रमाणपत्रावर 'एक आठवडा' असतं, तारखा नसतात. किंवा कार्यक्रम मूल्यांकनाच्या कालावधीबाहेर पडलेला असतो. किंवा 4 दिवसांची कार्यशाळा 5 दिवसांची समजून जोडलेली असते. प्रमाणपत्र मिळालं त्याच आठवड्यात तारखा, दिवस आणि तास तपासा, चूक असेल तर तेव्हाच दुरुस्त करून घ्या. चार वर्षांनी आयोजक संस्थेतलं कुणी ओळख देईल याचा भरवसा नाही. आपल्या संस्थेने हे नियम कोणत्या आदेशाने लागू केले आहेत, तेही स्थापना (आस्थापना) शाखेत विचारून ठेवा.

आता ज्यांच्यासाठी अशी आखलेली वाट नाही, त्यांच्याकडे येऊ: लिपिक, प्रयोगशाळा सहायक, ग्रंथालयातली माणसं, भृत्य (शिपाई), दैनिक वेतनभोगी, एजन्सीमार्फत आलेले सुरक्षारक्षक आणि सफाई कर्मचारी. अतिथि विद्वानही (तात्पुरते नेमलेले शिक्षक) बऱ्याच ठिकाणी यातच मोडतात. झाबुआ किंवा अलीराजपूर या आदिवासी जिल्ह्यांतून आलेली मुलगी कुलगुरूंना कधी भेटतच नाही. तिला भेटतो तो छात्रवृत्तीच्या (शिष्यवृत्तीच्या) खिडकीवरचा बाबू. तिच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे तो माणूस. म्हणून आमचं ठाम मत आहे की विविधतेचं प्रशिक्षण खिडकीपासून सुरू करावं, सभागृहापासून नाही. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, दीड तास भाषण आणि समूह छायाचित्र झालं, तरी दुसऱ्या दिवशी तीच खिडकी आणि तोच फॉर्म असतो.

समन्वयक म्हणून नाव आलं तर पहिले पंधरा दिवस वक्ता शोधू नका, तक्रारी गोळा करा. राज्य सरकारच्या सीएम हेल्पलाइन 181 वर विद्यापीठाविरुद्ध येणाऱ्या तक्रारी अधिकाऱ्यांच्या एल-1 ते एल-4 अशा पायऱ्यांनी चढतात आणि त्या कुठल्या शाखेत उतरतात हे त्या-त्या नोडल अधिकाऱ्याकडे दिसतं. मागच्या सहा महिन्यांतल्या तक्रारी मागा, नावं काढून टाका, विभाग आणि महिना बदला. एवढ्यावर थांबलात तरी खोलीत कुणीतरी 'हे तर आपल्या अमक्याचं प्रकरण' म्हणून ओळखतोच, म्हणून दोन तक्रारी मिसळून सत्रात चर्चेला घ्यायचा एक प्रसंग तयार करा. आडनावावरून जात कळेल असं काल्पनिक नाव देऊ नका, 'एक विद्यार्थी', 'एक कर्मचारी' पुरेसं आहे.

मग नोटशीट, म्हणजे मंजुरीसाठी वर पाठवायची टिपणी. विषय, कोणत्या नियमाखाली प्रशिक्षण, किती जणांचं, तारीख, जागा, खर्चाचं बजेट शीर्ष, आणि शेवटी 'स्वीकृति हेतु प्रस्तुत'. बजेट शीर्ष लिहिलं नाही तर लेखा शाखेतून फाइल परत येते आणि तारीख हातची जाते. बाहेरचा वक्ता असेल तर पॅन आणि रद्द केलेला धनादेश आधीच मागून घ्या, मानधन नंतर महिनोन्महिने रखडत नाही.

तारीख ठरवताना मार्च ते मे परीक्षा आणि त्यानंतर ई-प्रवेशाची गर्दी, हे दिवस सोडा. त्या दिवसांत सही करून निघून जाणारे जास्त. ऑगस्ट-सप्टेंबर बरे, फक्त गणेशोत्सव आणि नवरात्र बघून. वेळ सकाळी साडेदहा ते दीड. संध्याकाळचं सत्र ठेवलं की लांबून येणाऱ्या आणि घरी लहान मूल असणाऱ्या बायका गळतात, आणि विषय त्यांचाच असतो. एका तुकडीत 25 ते 30 जण, पाच-पाचांचे गट. सहायक कुलसचिव आणि त्यांच्याच शाखेतले लिपिक एका तुकडीत घालू नका. साहेब बसले की खालचा माणूस तोंड उघडत नाही. एजन्सीच्या लोकांची नावं यादीत घालायची तर ठेकेदाराला लेखी पत्र द्या आणि त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही असं त्यात स्पष्ट लिहा, नाहीतर ते येणार नाहीत.

तीन तास असे वाटा: 20 मिनिटं कायदा, 25 मिनिटांचे चार प्रसंग, 15 मिनिटं चहा आणि उरलेली 45 मिनिटं आपल्याच शाखेचा एक फॉर्म किंवा सूचना पुढ्यात घेऊन दुरुस्त करणं. हा शेवटचा पाऊण तास कधीही कापू नका. वक्ता लांबला तर वक्त्याला थांबवा. प्रशिक्षणातून हाताशी काही उरत असेल तर ते इथे.

प्रसंगांसाठी सर्वात भरघोस विषय नावाचा आहे. इंदूरच्या मराठी घरांना तो सांगायला नको: आधारवर 'काळे', गुणपत्रिकेत 'काले', लग्नानंतर बायकोचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं. तीच अडचण भिल, भिलाला मुलांची वेगळ्या रूपात येते. शाळेत आडनाव एक, जातीच्या प्रमाणपत्रावर दुसऱ्या वर्तनीत, कुठे वडिलांचं नावच आडनावाच्या जागी. एमपीटासवर (राज्याच्या छात्रवृत्ती पोर्टलवर) छात्रवृत्तीची प्रोफाइल आधारशी जुळली नाही की गाडी तिथेच थांबते. मग खिडकीवरून उत्तर मिळतं, 'नाम ठीक करवाके आओ'. कुठे, कोणत्या कागदावरून, काहीच नाही. मुलगा गंगवाल बसस्थानकावरून दीडशे किलोमीटर परत झाबुआला जातो, एक कागद आणतो, तेव्हा त्याला दुसरी त्रुटी सांगितली जाते.

याला उपाय साधा आहे आणि प्रशिक्षणातच तयार करता येतो: त्रुटीची छापील चिठ्ठी. सगळ्या त्रुटी एकाच वेळी, प्रत्येकीसमोर लागणारा कागद आणि तो कुठे मिळेल ते ठिकाण, खाली तारीख आणि लिहिणाऱ्याची सही. नाव आणि जन्मतारखेसाठी साधारणपणे दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरतात, हे चिठ्ठीवर छापूनच टाका. जात कागदावर वाचा, रांगेसमोर मोठ्याने विचारू नका. आणि भाषेबद्दल: भिली, निमाडी किंवा मालवी बोलणारं मूल कचेरीच्या हिंदीत अडखळतं म्हणजे त्याला काम कळलं नाही असं नसतं. वाक्य छोटं करा, पुन्हा सांगा, लिहून द्या.

दुसरा विषय अपंगत्वाचा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं अपंगत्व आहे, 40 टक्के किंवा जास्त असेल तर आरक्षणाचा हक्क मिळतो, सरकारी नोकरीत किमान 4 टक्के आणि उच्च शिक्षणाच्या जागांत किमान 5 टक्के. हे आकडे सगळे पाठ म्हणतात. चुका होतात त्या रोजच्या कामात. आपल्या कचेऱ्यांतली बरीचशी पत्रं कृतिदेव या जुन्या हिंदी फॉन्टमध्ये टाइप होतात. डोळ्यांना ती हिंदी दिसते, पण अंध व्यक्तीचा स्क्रीन रीडर त्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक भेळ वाचतो. त्याच पत्राची छपाई काढून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून वेबसाइटवर टाकलं तर तेवढंही वाचता येत नाही, कारण ते नुसतं चित्र असतं. पाऊण तासाच्या सत्रात प्रत्येक शाखेने एक सूचना युनिकोडमध्ये, म्हणजे स्क्रीन रीडरला वाचता येणाऱ्या पद्धतीत, मंगल फॉन्टमध्ये पुन्हा टाइप करावी आणि स्कॅनसोबत तीही चढवावी. सीपीसीटी ही राज्याची संगणक आणि टायपिंगची परीक्षा देऊन आलेल्या नव्या लिपिकांना युनिकोड टायपिंग येतं, त्यांना इथे शिकवायला उभं करा. वयाने मोठ्या सहकाऱ्यांना ते कमीपणाचं वाटू नये म्हणून शेजारी बसून करू द्या, फळ्यावर नको.

परीक्षेतला लेखनिक, म्हणजे अपंग विद्यार्थ्याच्या वतीने उत्तरं लिहिणारा, हा तिसरा विषय. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा विद्यार्थ्याला तासाला किमान 20 मिनिटं जादा, म्हणजे 3 तासांच्या पेपरला 1 तास. 40 टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व आहे पण लिहिता येत नाही, अशांसाठी 2022 मध्ये वेगळ्या सूचना निघाल्या आणि केंद्रांवर त्या फार थोड्यांना माहीत असतात. घोळ पेपरच्या सकाळी होतो: परवानगीचं पत्र परीक्षा विभागात, केंद्रावर प्रत नाही, खोली दुसऱ्या मजल्यावर, आणि जादा तासासाठी पर्यवेक्षक नेमलेलाच नाही. परवानगीची प्रत केंद्राध्यक्षांना आणि विद्यार्थ्याला, दोघांना द्यायची. खोली तळमजल्यावर, पर्यवेक्षक 4 तासांसाठी. रॅम्पचा उतार 1 ला 12 हवा: 15 सेंटिमीटरच्या पायरीला 1.8 मीटर. बऱ्याच इमारतींत त्याच्या निम्म्याच लांबीचा रॅम्प ओतलेला असतो आणि चाकाची खुर्ची तिथे मागून कुणीतरी धरावीच लागते. फीत घेऊन मोजायला लावा, दहा मिनिटं लागतात आणि मोजणाऱ्याच्या कायम लक्षात राहतं.

लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आणि यूजीसीचे 2015 चे नियम यावर वकील येऊन कलमं सांगतात. नव्या कर्मचाऱ्याला मात्र तीन गोष्टी नीट कळल्या पाहिजेत. पहिली, अंतर्गत तक्रार समितीत कोण असतं: अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक, दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरची एक व्यक्ती, विद्यार्थ्यांचा विषय असेल तर तीन विद्यार्थी, आणि निदान निम्म्या स्त्रिया. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख सदस्य होऊ शकत नाहीत. दुसरी, मुदती: घटनेपासून 3 महिन्यांत तक्रार, कारण पटलं तर समिती आणखी 3 महिने देऊ शकते, चौकशी 90 दिवसांत. ठेक्यावरची आणि रोजंदारीची बाईही कर्मचारीच धरली जाते.

तिसरी गोष्ट आवक-जावकची, आणि खरा घात इथेच होतो. तक्रारीचं पाकीट आवकला येतं, बाबू सवयीने ते फोडतो, रजिस्टरमध्ये विषयाच्या रकान्यात नावासकट सगळं लिहितो, आणि संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर चर्चा असते. कायद्यातल्या कलम 16 ने ओळख आणि तक्रारीतला मजकूर उघड करायला बंदी आहे. म्हणून आवकच्या माणसाकडून प्रत्यक्ष करून घ्या: पाकीट न फोडता 'गोपनीय, अंतर्गत तक्रार समिती' एवढीच नोंद, क्रमांक, तारीख, आणि अध्यक्षांच्या हाती देऊन पोच सही. तसंच विभागप्रमुखाने दोघांना बोलावून 'मिटवून टाका' म्हणणं हा समेट नव्हे. समेट फक्त तक्रारदार बाईने स्वतः मागितला तर, समितीमार्फत, आणि त्यात पैशांची देवघेव चालत नाही.

सत्रात दोन अडचणी नेहमी उभ्या राहतात. कुणीतरी म्हणतं, 'अपने यहाँ ऐसा कुछ नहीं होता.' वाद घालू नका, गोळा केलेला प्रसंग पुढे ठेवा आणि फॉर्मकडे वळा. दुसरी अडचण, खोलीतल्या एकमेव आदिवासी, मुस्लिम किंवा अपंग सहकाऱ्याकडे वळून 'तुम्हीच सांगा, तुमच्यात कसं असतं' असं विचारलं जातं. समन्वयकाने तिथेच थांबवावं. ती व्यक्ती प्रशिक्षण घ्यायला आली आहे, आपल्या समाजाची साक्ष द्यायला नाही. तिला स्वतःहून बोलायचं असेल तर वेळ द्या.

संपल्यावर हजेरीपट, सत्रांचे तास आणि दुरुस्त केलेल्या फॉर्मच्या आधीच्या-नंतरच्या प्रती एका फाइलमध्ये लावा. नॅकच्या (संस्थेच्या दर्जा मूल्यांकनाच्या) वेळी हीच फाइल शोधली जाते. कर्मचाऱ्यांच्या सेवा पुस्तिकेत नोंद करायचं पत्र त्याच आठवड्यात स्थापना शाखेला पाठवा, नंतर कुणी पाठवत नाही. तीन महिन्यांनी शाखांमधून फिरून तीनच गोष्टी बघा: त्रुटीची चिठ्ठी पुस्तकातून फाडून दिली जाते आहे का, नव्या सूचना युनिकोडमध्ये आहेत का, आवक रजिस्टरमध्ये गोपनीय पाकिटांपुढे नाव लिहिलेलं नाही ना. चिठ्ठ्या दिल्या जात नसतील तर पुढच्या तुकडीत त्या खिडकीवरच्या माणसासोबत त्याच्या शाखाधिकाऱ्यालाही, पण वेगळ्या दिवशी, बोलवा. बहुतेक वेळा पुस्तक संपल्यावर नवं छापायची मंजुरी वरून आलेली नसते.