सोनोग्राफीच्या खोलीत पेशंटशी कसे बोलावे

टेबलावर झोपलेल्या व्यक्तीला यंत्राच्या पडद्यावरचे काही कळत नाही, म्हणून ती सारा वेळ आपला चेहरा वाचत असते. पदव्युत्तर शिक्षणात प्रतिमा वाचण्याचे धडे पुष्कळ मिळतात, या नजरेला उत्तर कसे द्यावे याचे धडे फारसे मिळत नाहीत. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतःचे केंद्र सुरू करणाऱ्या तरुण रेडिओलॉजिस्ट सहकाऱ्यांनी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळावी, असे मला मनापासून वाटते: काय आणि कोणाशी बोलायचे, हे निष्कर्ष समोर आल्यावर ठरवू नये; ते प्रोब, म्हणजे शरीरावर फिरवायचे यंत्राचे टोक, हातात घेण्यापूर्वीच ठरलेले असावे.

सुरुवात नावापासून करावी. "तुम्ही सुनीताताई ना?" असे विचारल्यास घाबरलेला माणूस कोणत्याही नावाला होकार देतो; म्हणून पूर्ण नाव आणि वय पेशंटलाच सांगू द्यावे. चिठ्ठीवर पुष्कळदा केवळ "पोटाची सोनोग्राफी" एवढेच लिहिलेले असते. अशा वेळी "कुठे दुखते ते एका बोटाने दाखवा" हा एक प्रश्न चिठ्ठीपेक्षा अधिक सांगून जातो. जुने रिपोर्ट पिशवीत असूनही कोणी मागितल्याशिवाय बाहेर निघत नाहीत, तेही आठवणीने मागावेत. पित्ताशय पाहण्यासाठी सहा ते आठ तास उपाशी राहावे लागते, तर प्रोस्टेट पाहण्यासाठी लघवी रोखून धरावी लागते. त्यामुळे पहाटेच्या एसटीने आलेले मधुमेही पेशंट आणि लघवी रोखून बसलेले प्रोस्टेटचे आजोबा यांना रांगेत पुढे घेण्याची सूचना स्वागतकक्षात कायमची देऊन ठेवावी.

पेशंट स्त्री असेल आणि डॉक्टर पुरुष असेल, तर महिला परिचारिका खोलीत असलीच पाहिजे. योनिमार्गातून तपासणी करायची असल्यास ती कशासाठी, प्रोब कसा असतो, त्यावर नवे आवरण कसे चढवले जाते आणि नको वाटल्यास कोणत्याही क्षणी थांबवता येते, हे कपडे बदलण्यापूर्वी सांगून संमती घ्यावी.

आता शांततेविषयी. मापे घेताना रेडिओलॉजिस्ट गप्प होतो आणि त्या दोन-तीन मिनिटांत पेशंटच्या मनात नको ते विचार येऊन जातात. यावर उपाय म्हणजे आधीच बोलणे: "आता थोडा वेळ मी बोलणार नाही, मोजमाप करताना मला लक्ष द्यावे लागते. मी गप्प आहे म्हणजे काही वाईट दिसले, असे समजू नका. झाले की मी स्वतः सांगेन." हे वाक्य प्रत्येक पेशंटला, अगदी मूतखड्यासाठी आलेल्या तरुणालासुद्धा, न चुकता सांगावे. ते केवळ अडचण दिसल्यावरच उच्चारले, तर तीच वाईट बातमी ठरते.

सर्वांत कठीण प्रसंग गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतला, म्हणजे बाळाचे ठोके न दिसण्याचा. येथे घाई अक्षम्य आहे. योनिमार्गातून केलेल्या तपासणीत गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा अधिक असूनही ठोके नसतील, अथवा गर्भाशयात गर्भाभोवती तयार होणाऱ्या पिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा अधिक असूनही आत गर्भ दिसत नसेल, तरच गर्भ टिकलेला नाही असे म्हणता येते. माप त्याहून कमी असल्यास "आज निश्चित सांगता येत नाही, दिवस कमी असू शकतात" असे स्पष्ट सांगून किमान सात दिवसांनी पुन्हा बोलवावे. पाळीच्या तारखा अनेकींच्या पुढेमागे असतात, आणि एका उतावीळ शब्दामुळे चांगला गर्भ गमावला जाऊ शकतो.

निदान पक्के झाल्यावर मात्र आडवळणाने बोलू नये. "जरा प्रॉब्लेम आहे" या शब्दांतून काहीच कळत नाही आणि भीती तेवढी वाढते. पोटावरचे जेल पुसून, तिला उठून बसू द्यावे आणि "ताई, बाळाचे ठोके थांबलेले आहेत" असे तिच्याकडे पाहून सांगावे. बाहेर उभे असलेले सासरे किंवा दीर "आधी आम्हाला सांगा, तिला नको" म्हणतात. त्यांचा हेतू वाईट असतोच असे नाही. तरीही शरीर तिचे आहे, म्हणून पहिला हक्क तिचा, आणि सोबत कोणाला बोलवायचे हेही तिलाच विचारावे. त्यानंतर थोडा वेळ थांबावे. पुढचा प्रश्न बहुधा "माझे काय चुकले?" हा असतो. पहिल्या तिमाहीतील सुमारे निम्म्या गर्भपातांमागे गुणसूत्रांतील दोष असतो. पपईची फोड, जिना चढणे किंवा घरातली रोजची कामे यांवर त्याचा दोष टाकता येत नाही. हे वाक्य नातेवाइकांसमोर मोठ्याने उच्चारावे, कारण घरी गेल्यावर तिला ते एकटीने पटवून द्यावे लागते.

गर्भलिंगाविषयी बोलण्याला कोणतीही मुभा नाही. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. शब्द, खूण किंवा अन्य कोणत्याही प्रकारे लिंग सांगणे हा गुन्हा आहे. पेढा-जिलेबीसारखे सांकेतिक शब्दही त्यात येतात. "सगळे नीट आहे म्हणता, मग काय आहे तेवढे सांगा" असे आजींनी विचारल्यास हसून विषय टाळू नये, कारण हसण्याचाही अर्थ लावला जातो. "आजी, बाळाची वाढ, पाणी, ठोके मी सांगेन. बाकीचे कायद्याने सांगता येत नाही आणि मी सांगणारही नाही" हे प्रत्येकाला एकाच स्वरात सांगावे. फॉर्म एफ, म्हणजे गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीची या कायद्याने ठरवून दिलेली नोंद, त्याच दिवशी पूर्ण भरावा आणि पेशंटच्या प्रतिज्ञापत्रातील मजकूर सहीपूर्वी तिला वाचून दाखवावा. नोंदींतील त्रुटी म्हणजे केवळ कारकुनी चूक नव्हे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कायम ठेवली आहे. या कागदांचा अनेक सहकाऱ्यांना त्रास वाटतो. परंतु जन्मू न दिलेल्या मुलींची संख्या पाहता हा भार आपण उचललाच पाहिजे.

"किरणांनी बाळाला काही होईल का?" या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: सोनोग्राफीत आणि एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. छातीच्या एका एक्स-रेचा डोस सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट (किरणोत्साराची मात्रा मोजण्याचे एकक), म्हणजे निसर्गातून दहा-बारा दिवसांत मिळणाऱ्या किरणोत्साराइतका असतो. पोटाच्या सीटी स्कॅनचा डोस मात्र त्याच्या शंभरपटीच्या घरात जातो, म्हणून त्याची गरज खरोखर आहे का, हे चिठ्ठी पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करून विचारण्यात संकोच नसावा.

रिपोर्ट आज डॉक्टरांपूर्वी पेशंटच्या मोबाइलवर वाचला जातो, हे लक्षात ठेवून तो लिहावा. मूत्रपिंडातील साधी गाठ निरुपद्रवी असेल, तर तसे निष्कर्षात लिहावे. कमरेच्या एमआरआयमध्ये मणक्याची चकती फुगलेली दिसणे हे पन्नाशीतील निम्म्याहून अधिक, कोणतीही तक्रार नसलेल्या लोकांतही आढळते. एवढे एक वाक्य जोडल्यास अनावश्यक शस्त्रक्रियेची धास्ती कमी होते. उपचारांविषयी विचारल्यास "मला काय दिसले ते मी सांगितले, औषध तुमचे डॉक्टर ठरवतील" येथे थांबावे.

गर्भनलिकेतील फुटलेला गर्भ, बीजांडकोशाला पडलेला पीळ किंवा पोटातील रक्तस्राव दिसल्यास मात्र छापील रिपोर्टची वाट पाहू नये. संबंधित डॉक्टरांना स्वतः फोन करावा, कोणाशी किती वाजता बोलणे झाले ते रिपोर्टमध्ये नोंदवावे, आणि पेशंटला रिक्षाने घरी जाऊ न देता रुग्णालयापर्यंत पोहोचवण्याची सोय होईपर्यंत आपल्याच केंद्रात, आपल्या नजरेसमोर ठेवावे.