वाऱ्याचा अंदाज घेताना शिडाच्या होडीत या चुका टाळा

'वारा काय, कळतोच की,' असं म्हणणारा नवशिका दिसला की माझी नजर आधी त्याच्या होडीत पाणी उपसायचं भांडं आहे का, तिकडे जाते.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे वारा पाठीशी असताना वारा जोखणं. होडी वाऱ्याबरोबरच पळत असते, त्यामुळे अंगाला तो कमी लागतो. वारा १४ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर) आणि होडी त्याच दिशेला ५ नॉटने, की मानेला जाणवतात फक्त ९. परतायला वळलात आणि तिरकं तिरकं ४ नॉटने वाऱ्यावर, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध, चढू लागलात, की तोच वारा १७ चा होतो. शिडावरचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणजे दुप्पट नव्हे, साडेतीन पट.

हे गणित मी गटांगळ्या खाऊन शिकलो. एका मित्राला सोबत घेऊन तासभर मजेत वाऱ्याबरोबर गेलो, सदरा काढून, गप्पा मारत. वळलो आणि पहिल्याच झोतात मेनशीट, म्हणजे मुख्य शीड ओढून धरायचा दोर, तळहाताची साल काढत निसटला. शीड आखडून लहान करावं म्हटलं, तर त्यासाठीची रीफची दोरी ओवलेलीच नव्हती. निघताना 'आज काय लागणार' म्हणणारा शहाणा मीच. दोनदा उलटलो. तासाभराचं अंतर परत यायला चार तास लागले. तो मित्र पुन्हा होडीत बसला नाही.

आता दर दहा मिनिटांनी मी होडी मुद्दाम वाऱ्यावर वळवून बघतो. सोबतचे वैतागतात, वैतागू देत. आणि शंका असली तर शीड किनाऱ्यावरच आखडून निघतो. पाण्यात गेल्यावर ते मोकळं करणं सोपं असतं, आखडताना मात्र हात कमी पडतात.

दुसरी चूक, काठावरून 'पाणी तर सपाट आहे' म्हणणं. वारा जमिनीकडून येत असेल तर काठाचं पाणी सपाटच असणार. लाटेला वाढायला तिथे जागाच मिळालेली नसते, झाडांचा आडोसा वेगळाच. त्यात काठावरून आपल्याला लाटांची पाठ दिसते, फेस पलीकडच्या अंगाला. उंचावर जाऊन लांबचं पाणी बघा. वाऱ्याचा जोर अंकांत सांगणाऱ्या ब्यूफोर्टच्या मापात लाटांवर तुरळक पांढरे तुरे म्हणजे ३, ७ ते १० नॉट. जिकडेतिकडे तुरे म्हणजे ४, ११ ते १६. तुरे मोजता येतात तोवर मी जातो. मोजणं हाताबाहेर गेलं की होडी परत ट्रॉलीवर.

हवामानाच्या अंदाजातला आकडा सरासरीचा असतो, झोत त्याच्या वरचे. आणि एकक वाचा हो! सेकंदाला १० मीटर म्हणजे १९ नॉटच्या वर. तो १० नॉट समजून निघालेले मी पाहिलेत.

मेनशीट करकचून बांधून ठेवणं हा निव्वळ आळस; झोत आला की ती पटकन सोडता यायला हवी.

तरंगायचं जाकीट बाकाखाली ठेवणाऱ्यांनी ते एकदा पाण्यात पडून घालून दाखवावं.

होडी उलटलीच तर तिला धरून राहा. शोधणाऱ्याला लाटांत पोहणाऱ्याचं डोकं दिसत नाही, होडीचा पालथा तळ दिसतो.