सीएनसी टर्निंगचा प्रोग्राम मशीनवरच कसा शिकावा

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमच्याकडे आयटीआयची नवी मुलं येतात ती खिशात प्रोग्राम घेऊनच. रात्री मोबाइलवर एआयला विचारलेलं असतं. प्रोग्राम दिसतो देखणा, पण त्याला आमचं मशीन कुठे माहीत? एकाने आणलेल्यात वेगाची मर्यादा 'जी९२ एस२०००' अशी होती. काही मशीनवर ते चालतं. आमच्या फानुक कंट्रोलवर जी९२ म्हणजे आटे पाडायची सायकल. मर्यादेला जी५० लागतो. मर्यादा नसताना जी९६ (कटिंग स्पीड कायम ठेवणारा कोड, व्यास घटला की आरपीएम वाढवतो) चालू ठेवलं तर काय होतं ते वहीत मांडून बघा. मिनिटाला १८० मीटर कटिंग स्पीडला ५० मिमी व्यासावर साधारण ११५० आरपीएम, १० मिमीवर ५७००. फेसिंगला (जॉबचं टोक सपाट करताना) टूल मध्याकडे सरकतं तसा आकडा मशीनच्या कमाल वेगापर्यंत चढत जातो, आणि तिकडे चकची (जॉब धरून फिरवणाऱ्या पंजाची) पकड सुटत जाते.

म्हणून पहिला प्रोग्राम हाताने, वहीत. दोन पायऱ्यांचा साधा शाफ्ट घ्या आणि फक्त जी०० (रॅपिड, म्हणजे न कापता वेगात सरकणं) आणि जी०१ (सरळ रेषेत कापणं) वापरून एकेक कट लिहा. कंटाळा येईल, येऊ द्या. दशांश चिन्ह विसरू नका: बऱ्याच मशीनवर नुसतं 'एक्स५०' म्हणजे ०.०५० मिमी.

जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, बांधा, टूल लावा, प्रोग्राम भरा.

आता ऑफसेट, म्हणजे टूलचं टोक कुठे आहे ते मशीनला सांगणं. सगळे इथेच अडकतात. मीही सहा महिने अडकलो होतो. हँडल मोडमध्ये (चाक हाताने फिरवून) बाहेरून बारीक कट घ्या, दहा मिमी लांब पुरे. टूल फक्त झेडमध्ये (जॉबच्या लांबीच्या दिशेने) मागे घ्या. एक्सला (व्यासाच्या दिशेला) हात लावायचा नाही! स्पिंडल थांबवा, मायक्रोमीटरने व्यास मोजा. व्हर्नियर नको. समजा ४८.३६ आला. स्क्रीनवर जॉमेट्रीच्या पानावर (इथे टूलची मूळ मापं असतात) त्या टूलच्या ओळीत 'एक्स४८.३६' टाकून मेझर दाबा. झेडसाठी उलट: फेस मारा, टूल फक्त एक्समध्ये बाहेर काढा, 'झेड०' टाका, मेझर. व्यास मोजायला जागा हवी म्हणून मध्येच एक्स हलवलात, तर मशीन त्या नव्या जागेलाच ४८.३६ समजतं.

बटण दाबण्याआधी ओळीचा नंबर तोंडाने म्हणा. माझ्या आधीच्या नोकरीत जेवणाची सुट्टी व्हायला पाच मिनिटं होती आणि डोकं सेव-उसळीत. माप दोन नंबरच्या टूलचं, कर्सर तीनवर. तीन नंबरचं टूल रॅपिडमध्ये सरळ चकच्या जबड्यावर गेलं. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) तर गेलाच, होल्डरही गेला. आवाज अजून कानात आहे. त्या दिवसापासून मी ओळ मोठ्याने म्हणतो. पोरं हसतात, हसू देत.

वेअरच्या पानाबद्दल (इथे ऑफसेटची बारीक दुरुस्ती टाकतात) एक चुकीचा सल्ला सगळीकडे फिरतो: 'टर्निंगला (बाहेरून कापताना) मायनस, बोअरिंगला (आतून कापताना) प्लस.' हा पाठ केलात की जॉब लहान निघाला त्या दिवशी फसाल. त्यापेक्षा वजाबाकी करा: हवा तो व्यास वजा आलेला व्यास. शाफ्ट ३०.०० हवा, ३०.०४ आला, तर −०.०४. बोअर ३०.०० हवं, २९.९८ आलं, तर +०.०२. आत-बाहेर, लहान-मोठं, सगळ्याला हाच हिशेब.

आणि ही दुरुस्ती 'प्लस इनपुट'ने टाका. नुसतं 'इनपुट' दाबलं की जुना आकडा पुसला जातो. वेअरमध्ये आधीच −०.०३ आहे, जॉब ०.०२ मोठा येतोय, तुम्ही −०.०२ इनपुट केलंत, तर पुढचा जॉब ०.०३ मोठा येईल आणि तुम्ही मशीनला शिव्या द्याल. नवा इन्सर्ट लावला की वेअर शून्य करून परत मापं घ्या. एआयला विचाराल तर तोही वेअरची माहिती नीट सांगेल, पण त्या पानावर काल रात्रपाळीवाल्याने काय टाकून ठेवलंय, ते तुम्हालाच जाऊन बघावं लागतं.

पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर (एका वेळी एकच ओळ), रॅपिड २५ टक्के, बोट फीड होल्डवर (टूलची चाल थांबवायचं बटण). टूल जॉबजवळ आलं की थांबवा आणि स्क्रीनवर 'अजून किती जायचंय' तो आकडा वाचा. टूल जॉबपासून बोटभर लांब आणि स्क्रीन म्हणते अजून ८० मिमी जायचंय? रीसेट दाबा, ऑफसेट परत बघा. मशीन लॉक लावून (टूल न हलवता) प्रोग्राम पळवला असेल तर कट घेण्याआधी मशीन होमला न्या, कारण स्क्रीनवरची जागा आणि खरी जागा आता एक राहिलेली नाही.

पाच जॉब सलग मापात आले की मग जी७१ ला (सगळे जाडे कट आपोआप घेणारी सायकल) हात लावा. आमच्याकडे ते दोन ओळींत लिहितात आणि दोन्हीत 'यू' असतो. पहिल्या ओळीतला यू त्रिज्येवर मोजायचा, दुसऱ्या ओळीतला व्यासावर. पहिल्या ओळीत 'यू१.५' म्हणजे एका कटात व्यास तीन मिमीने उतरणार, हे वहीत आधी लिहून ठेवा.