इंटरनेट रेडिओसाठी सॅम्पल रेट कसा ठरवावा

इंटरनेट रेडिओ सुरू करताना एन्कोडरमध्ये, म्हणजे आवाज प्रसारणासाठी दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, सॅम्पल रेट विचारला जातो, तेव्हा बहुतेक जण यादीतला सर्वांत मोठा आकडा निवडून मोकळे होतात. ध्वनीचे मोजमाप सेकंदाला किती वेळा घेतले जाते, एवढेच हा आकडा सांगतो. त्याच्या निम्म्याहून वरची कंपने नोंदली जात नाहीत. माणसाचा कान फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो, त्यामुळे 44.1 किंवा 48 किलोहर्ट्झ श्रोत्याला पुरेसे होतात आणि 96 चा प्रसारणात काहीही लाभ होत नाही.

निवड करण्यापूर्वी आपल्या संग्रहाकडे पाहावे. गाणी सीडीवरून घेतलेली असतील तर ती 44.1 वर असतात. व्हिडिओतून काढलेला आवाज बहुधा 48 वर असतो. संग्रहात ज्याचे प्रमाण जास्त, तोच दर साउंड कार्ड, प्रसारणाचे सॉफ्टवेअर आणि एन्कोडर या तिन्ही ठिकाणी ठेवावा. चांगले सॉफ्टवेअर एका दराचे दुसऱ्यात रूपांतर व्यवस्थित करते. पण 48 ची फाइल चुकून 44.1 समजून वाजवली गेली, तर गायकाची पट्टी उतरते आणि तासाभराचा कार्यक्रम 65 मिनिटे चालतो. निवेदकाचा आवाज अकारण जड वाटू लागला, तर माइक बदलण्याआधी हे तपासावे.

यानंतर एन्कोडिंगचा प्रकार (एमपी3, ओपस किंवा एचई-एएसी) पाहावा, कारण खरा निर्णय इथे होतो. एमपी3 मध्ये बिटरेट, म्हणजे सेकंदाला जाणारा डेटा, 128 केबीपीएस (किलोबिट प्रति सेकंद) असेल तर 44.1 निर्धास्तपणे ठेवावा. ओपस आतून 48 वरच काम करत असल्याने त्याला 44.1 चा आवाज दिला तरी रूपांतर होणारच, म्हणून ओपस वापरायचे ठरल्यास साउंड कार्डही 48 वर लावणे सोयीचे. एचई-एएसी 48 केबीपीएससारख्या कमी बिटरेटवर मूळ आवाज निम्म्या दराने साठवते आणि वरची कंपने श्रोत्याकडे पुन्हा घडवते. ही काटकसर ते स्वतःच करत असल्यामुळे आपण आणखी दर कमी करणे म्हणजे दुहेरी कात्री लावणे होय.

दर उतरवावा तो केवळ भाषणासाठी, तोही एमपी3 चा बिटरेट अगदी कमी असताना. बिटरेट ठरलेला असला की सॅम्पल रेट वाढवल्याने डेटा वाढत नाही, तेवढेच बिट अधिक कंपनांमध्ये वाटले जातात आणि आवाजाला पाण्याखालून आल्यासारखी घरघर लागते. व्याख्यान किंवा बातम्या मोनोमध्ये 32 केबीपीएसवर द्यायच्या असतील तर 22.05 किंवा 24 किलोहर्ट्झ योग्य ठरतो: कंपने सुमारे 11 किलोहर्ट्झपर्यंत उरतात आणि ‘स’, ‘श’ स्पष्ट ऐकू येतात. 16 किलोहर्ट्झवर मात्र हीच अक्षरे बोथट होतात. कीर्तन लावणाऱ्यांनी 22.05 च्या वाटेला जाऊच नये, कारण टाळांची चमक बरीचशी त्या मर्यादेच्या वर असते. तिथे निवेदन ठीक वाटते आणि गजर सुरू झाला की सारे मातकट होते. माझ्या मते अशा वेळी एचई-एएसीकडे वळणे बरे. फार जुन्या रेडिओ संचांवर ते वाजत नाही, एवढीच अडचण.

आइसकास्ट हे श्रोत्यांपर्यंत प्रवाह पोहोचवणारे सर्व्हर सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. थेट प्रसारण तुटल्यावर वाजणारी राखीव फाइल मुख्य प्रवाहाच्याच प्रकाराची, त्याच सॅम्पल रेटची आणि तितक्याच चॅनेलची असावी. मुख्य प्रवाह 44.1 स्टिरिओ आणि राखीव फाइल 22.05 मोनो असेल, तर काही प्लेअर गप्प होतात, काही भलत्याच वेगाने वाजू लागतात, आणि स्टुडिओतल्या माणसाला यातले काहीच कळत नाही. म्हणून सर्व जुळवल्यावर थेट प्रसारण मुद्दाम बंद करून, मोबाइल डेटावर चालणाऱ्या फोनवर आणि एका संगणकावर, राखीव फाइल सुरू होताना व थेट प्रवाह परत येताना दोन्ही वेळा ऐकून पाहावे.