४८ पोर्टची कॉन्फिग हाताने टाइप करू नका, टेबलातून काढा

४८ पोर्टचे चार नेटवर्क स्विच म्हणजे १९२ पोर्ट, प्रत्येकाची कॉन्फिग (सेटिंगच्या कमांड) लिहायची, म्हणजे डिस्क्रिप्शन, मोड, व्हीलॅन (त्याच स्विचवरचं वेगळं केलेलं नेटवर्क, त्याला नंबर असतो), आणि हे सगळं आपण नोटपॅडमध्ये कॉपी-पेस्ट करून नंबर बदलत बसतो. साठ-सत्तर पोर्टांनंतर लक्ष उडतं आणि कुठेतरी २० च्या जागी ३० राहून जातो. म्हणून पोर्टांची यादी साध्या टेक्स्ट फाईलीत टेबल करून ठेवा आणि कमांड लिहायचं काम स्क्रिप्टला द्या.

एक्सेल नको, कारण तिथे १/१२ असा पोर्ट टाकला की त्याची तारीख होते. शिवाय टेक्स्ट फाईल गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं टूल) ठेवली की कोणती ओळ कोणी कधी बदलली ते लगेच दिसतं.

| पोर्ट | कशासाठी | मोड | व्हीलॅन |
| १/०/१ | रिसेप्शन | ॲक्सेस | २० |
| १/०/२ | प्रिंटर | ॲक्सेस | ३० |
| १/०/४८ | अपलिंक | ट्रंक | २०,३०,४० |

(इथे मराठीत लिहिलंय, तुमच्या फाईलीत अर्थातच इंग्रजी.) ॲक्सेस म्हणजे एकाच व्हीलॅनचा पोर्ट, ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र नेणारा, आणि अपलिंक म्हणजे पुढच्या स्विचकडे जाणारी जोडणी. इमॅक्स एडिटरच्या ऑर्ग मोडमध्ये टॅब दाबला की रकाने आपोआप सरळ होतात, पण साधा एडिटरही चालतो.

आता पायथन. ओळ वाचा, पाईपवर (|) तोडा, पहिला आणि शेवटचा रिकामा तुकडा टाकून द्या, बाकीच्यांच्या आजूबाजूच्या स्पेस काढा. मग रकाने मोजा, हेडरमध्ये चार आणि ओळीत तीनच निघाले तर स्क्रिप्ट तिथेच थांबली पाहिजे.

टेम्प्लेटसाठी, म्हणजे रिकाम्या जागा ठेवलेल्या कमांडच्या साच्यासाठी, जिंजा ही पायथन लायब्ररी घ्या. मोड ॲक्सेस असेल तर 'स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन' आणि पोर्टफास्ट (पोर्ट लगेच चालू होण्यासाठी), ट्रंक असेल तर अलाउड व्हीलॅनची (कोणते व्हीलॅन जाऊ द्यायचे त्याची) ओळ, बस. एक सेटिंग मात्र नक्की करा, स्ट्रिक्ट अनडिफाइन्ड. नाहीतर रकान्याच्या नावात एक अक्षर चुकलं तरी जिंजा एरर देत नाही, गुपचूप जागा रिकामी सोडतं. रिकामा सेल मात्र यातही पकडला जात नाही, म्हणून व्हीलॅन १ ते ४०९४ मधला आकडाच आहे ना हे वेगळं तपासा, आणि सिस्को कंपनीच्या स्विचवर १००२ ते १००५ राखीव असतात तेही वगळा.

ट्रंकबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण हे माझ्या हातून घडलंय. चालू ट्रंकवर नवा व्हीलॅन ४० द्यायचा होता, 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन' च्या पुढे 'ॲड' टाकायचं राहिलं आणि जुनी सगळी यादी जाऊन एकटा ४० उरला, अख्खा मजला बंद. टेबलातून काढताना ही भानगडच नाही, कारण दर वेळी पूर्ण यादीच लिहिली जाते, 'ॲड' लागतच नाही. फक्त टेबलातली यादी खरोखर पूर्ण हवी, म्हणून पहिल्यांदा ती चालू कॉन्फिगवरूनच भरा.

निघालेली फाईल थेट पेस्ट करू नका. आधी रनिंग कॉन्फिगशी (स्विचवर आत्ता चालू असलेली) डिफ, म्हणजे फरकांची यादी, काढा आणि प्रत्येक फरक टेबलातल्या कुठल्या बदलामुळे आला ते बघा. लांबच्या सिस्को स्विचवर आधी चालू कॉन्फिग सेव्ह करून 'रिलोड इन १०' द्या, मग पेस्ट करा. लिंक तुटली तर दहा मिनिटांनी स्विच रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगवर येतो, सगळं ठीक असेल तर 'रिलोड कॅन्सल' आणि त्यानंतरच सेव्ह. रात्री घाईत थेट स्विचवर काही बदललंत तर सकाळी पहिलं काम म्हणून ते टेबलात घाला, नाहीतर पुढच्या वेळी स्क्रिप्ट तुमची ती दुरुस्ती पुसून टाकेल.