आठवड्यातून दोन-तीन दिवसच ऑफिस? मग पास काढण्याआधी हा हिशोब करा

पासची किंमत भागिले जाऊन-येऊन तिकिटाचे भाडे. उत्तर 9.4 आले, तर दहाव्या फेरीपासून पास परवडतो. फेऱ्या मोजताना मागच्या तीन महिन्यांत ऑफिसला प्रत्यक्ष किती दिवस गेलात ते कॅलेंडरवर पाहा. चूक इथेच होते: ‘आठवड्याला तीन दिवस’ असे मनात धरले जाते आणि रजा, सुट्ट्या, आजारपण विसरले जाते.

पास कोणत्या वारी सुरू होतो, यावरही बरेच अवलंबून असते. 30 दिवसांचा पास सोमवारी सुरू केला तर त्यात पाच सोमवार आणि पाच मंगळवार बसतात. याच दोन वारी ऑफिस असेल तर फेऱ्या दहा. तोच पास बुधवारी सुरू केला तर आठच! म्हणून एक तारखेची वाट पाहू नका, आणि पास संपला की लगेच नवा काढू नका. पुढच्या ऑफिसच्या दिवसापासूनच काढा.

मोठी रजा जवळ आली असेल तर मधले दिवस सुट्या तिकिटांवर काढा. गर्दीची वेळ टाळल्यास भाडे कमी होत असेल, तर ते भाडे धरून भागाकार पुन्हा करा. पुष्कळदा पास तिथेच हरतो.