कोजागिरीच्या चांदण्याचं ध्रुवण घरच्या कॅमेऱ्यानं कसं मोजावं

पौर्णिमेच्या रात्री खानापूरकडच्या एखाद्या गच्चीवरून वर बघितलं तर आकाश राखाडी दिसतं. त्याच आकाशाचा पंधरा सेकंदांचा फोटो काढा, दिवसासारखं निळं येतं. कारण दोन्ही वेळी एकच: हवेचे रेणू प्रकाश विखुरतात. विखुरताना प्रकाशाच्या कंपनांना एक ठरावीक दिशा मिळते, तेच ध्रुवण. (पुस्तकात ‘ध्रुवीकरण’ही लिहितात, पण आमच्या सीमाभागात तो शब्द काढला की लोकांना निवडणूकच आठवते.) पूर्ण चंद्राचा उजेड भर उन्हाच्या साधारण चार लाखावा भाग असतो, तरी आकाशातली ध्रुवणाची नक्षी दिवसासारखीच राहते. आफ्रिकेतला शेणाचे गोळे ढकलणारा एक भुंगा हीच नक्षी बघून सरळ रेषेत चालतो, हे 2003 मध्ये सिद्ध झालं. त्याला जमतं ते आपल्यालाही जमतं, फक्त उजेडाबरोबर अंधारही मोजावा लागतो.

सामान फार नाही. रॉ (कॅमेऱ्यानं स्वतः काही न बदललेला) फोटो देणारा आणि सगळं हातानं ठरवता येणारा कॅमेरा (प्रो मोडमध्ये रॉ देणारा मोबाईलही चालेल), तिपाई, लाल कागद लावलेली बॅटरी, सुताराचा गुण्या (काटकोन बघायचा) आणि पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेची कंपनं पुढे सोडणारी काच किंवा पट्टी. पोलरायझर म्हणून लेन्सवर लावायचा सीपीएल फिल्टर उत्तम. नाहीतर बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची पट्टी सोलून घ्या.

पट्टीची दिशा ओळखणं सोपं आहे. पाणी मारलेल्या गुळगुळीत फरशीवर खिडकीचा उजेड तिरका पडला की त्याचं प्रतिबिंब बरंचसं आडवं ध्रुवित असतं. त्यातून बघत पट्टी फिरवा. चकाकी जिथं सर्वांत कमी होईल, तिथं पट्टीचा अक्ष उभा आहे. तिथं 90 लिहा. मग फिल्टरच्या कडेला दर 45 अंशांवर आगपेटीतल्या काडीचा तुकडा फेविक्विकनं चिकटवा, 90 वर दोन तुकडे. अंधारात बोटाला कळलं पाहिजे. दर वेळी बॅटरी लावून आकडा वाचत बसलात तर तोच उजेड लेन्समध्ये जातो.

जागा आणि वेळ

बेळगाव शहरात, कॅम्पात किंवा उद्यमबागेजवळ, दिव्यांचा उजेड आकाशात मिसळतो आणि ध्रुवण पातळ होतं. बर्लिनमध्ये असं मापन झालं, त्यात गावाबाहेर सुमारे 29 टक्के आणि शहरात सुमारे 11 टक्के ध्रुवण मिळालं. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूचं एखादं ओळखीचं अंगण बघा. रात्री जंगलात शिरायची गरज नाही. निपाणी-चिकोडीकडे असाल तर उसाचा पाला पेटायच्या आधीचे दिवस गाठा. धुराचे कण मोठे असतात, ते ध्रुवण खातात. कोजागिरीला पावसानं हवा धुतलेली असते, म्हणून मला ती रात्र आवडते. ढग आले तर मात्र मसाला दूध प्यायचं आणि झोपायचं.

सूर्यास्तानंतर किमान सव्वा तास थांबा. संधिप्रकाशही जोरात ध्रुवित असतो, घाई केलीत तर सूर्यच मोजाल. तोवर चंद्र पूर्वेला पंधरा-सतरा अंश वर आलेला असतो. गुण्याची एक बाजू चंद्राकडे धरा, दुसरी जिकडे जाईल तिकडे ध्रुवण सर्वांत जास्त. ही जागा डोक्याच्या थोडी पश्चिमेला येते. कॅमेरा तिकडे वळवा.

फोटो

फोकस हातानं अनंतावर, आयएसओ 1600, एफ 2.8, पंधरा सेकंद, इथून सुरुवात करा. ऑटो, नाइट मोड आणि नॉइज रिडक्शन सगळं बंद. क्रम असा ठेवा: 0, 45, 90, 135, मग उलट 135, 90, 45, 0. चंद्र तासाला साधारण पंधरा अंश सरकतो, त्यामुळे उजेड हळूहळू बदलतो. जाऊन-येऊन काढलेल्या जोड्यांची सरासरी घेतली की तो बदल कटतो. मध्ये फिल्टरवर दंव साठलंय का ते बघत राहा.

आता मुख्य काम. लेन्सवर झाकण घाला आणि त्याच आयएसओवर, तेवढ्याच वेळाचे आठ फोटो काढा. बहुतेक कॅमेरे पूर्ण काळोखालाही शून्य लिहीत नाहीत, काही शेकड्यांचा आकडा मुळातच मिळवून ठेवतात. ही डार्क फ्रेम प्रत्येक फोटोतून वजा करायची. सिरिल हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. फोटोच्या मधोमध 100 × 100 पिक्सेलचा चौकोन घ्या आणि हिरव्या रंगाचा मीडियन (चढत्या क्रमातला मधला आकडा) लिहून काढा. सरासरी नको, कारण एखादा तारा ती फुगवतो.

समजा वजाबाकीनंतर आकडे आले: 0 ला 412, 45 ला 530, 90 ला 588, 135 ला 470. यातून Q आणि U हे काटकोनातल्या जोड्यांमधले फरक आणि I हा एकूण उजेड काढायचा.

Q = 412 − 588 = −176
U = 530 − 470 = 60
I = 412 + 588 = 1000

Q आणि U च्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ 186. त्याला I नं भागलं की ध्रुवण 18.6 टक्के. दिशा म्हणजे atan2(U, Q) या कोन काढणाऱ्या सूत्राच्या उत्तराचा निम्मा, इथं साधारण 81 अंश. आता डार्क वजा करायला विसरलात आणि प्रत्येक आकड्यात 500 जादा राहिले असं धरा. Q, U तेच राहतात, I मात्र 2000 होतो आणि उत्तर 9.3 टक्के. निम्मं! आणि बघणाऱ्याला त्यात काही चुकलंय असं वाटणारही नाही.

दुसरी एक चूक मात्र आकडेच पकडून देतात. 0 आणि 90 ची बेरीज 45 आणि 135 च्या बेरजेएवढी यायला हवी (412 + 588, 530 + 470). माझी एकदा जुळेना. मग आठवलं, मध्येच शेजारच्या काकू दुधाचा पेला घेऊन वर आल्या होत्या, “काय करालास रे एवढ्या रातच्याला?” म्हणत जिन्यातला बल्ब लावला होता. 135 चे दोन्ही फोटो गेले. दूध चांगलं होतं.

शेवटची तपासणी कागदाची. चकाकी नसलेला पांढरा कागद चंद्राच्या समोर धरून तीच मालिका काढा. उत्तर जवळजवळ शून्य यायला हवं. नेमकं शून्य कधीच येत नाही, कारण वर्ग करताना नॉइज नेहमी अधिकच्या बाजूला जातं. कागदाला 3 टक्के आले तर तो तुमच्या साधनाचा तळ. आकाशाच्या उत्तराच्या वर्गातून त्याचा वर्ग वजा करा: 18.6 चे 18.4 होतात. एवढ्या आकड्याला फरक किरकोळ, पण शहरातल्या 4 टक्क्यांतून तोच तळ काढला की उरतात जेमतेम 2.6.

दिशाही बघा. चंद्र पूर्वेला असताना ध्रुवण उत्तर-दक्षिण आलं पाहिजे. टक्के धुरानं, दिव्यांनी कमी होतील, दिशा सहसा हलत नाही. ती भलतीकडे आली तर आधी काड्या निघाल्यात का ते चाचपा.

पौर्णिमेला जमलं की अष्टमीला करून बघा. अर्धा चंद्र पूर्ण चंद्राच्या निम्मा नाही, साधारण दहावा हिस्साच उजेड देतो. म्हणजे पंधरा सेकंदांच्या एका फोटोऐवजी दहा फोटो काढून बेरीज करायची, आणि झाकण घालून काढायचे फोटोही त्याच हिशेबानं वाढवायचे.